‘मान्य आहे’ म्हणण्यापूर्वी

जमिनीचे खरेदीखत न वाचता त्यावर सही करणाऱ्या माणसाला आपण अविचारी म्हणतो. परंतु तोच गृहस्थ संगणकासमोर बसला, की दिवसातून चार वेळा न वाचलेल्या करारावर आपली मोहोर उठवीत असतो. रेल्वेचे तिकीट काढायचे असो, पाल्याच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असो वा घरबसल्या औषधे मागवायची असोत. संकेतस्थळाच्या शेवटी एक लहानसा चौकोन येतो आणि त्यापुढे ‘मला अटी मान्य आहेत’ असे वाक्य असते. अटींची पाने बहुधा इंग्रजीत, कायद्याच्या बोजड भाषेत आणि बारीक टंकात छापलेली असतात. ती वाचतो कोण? आपण खूण करतो आणि पुढे जातो.

या एका खुणेने आपण नेमके काय देऊन बसतो? नाव, पत्ता, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक ही माहिती आपण जाणतेपणी लिहून देतो. परंतु न लिहिलेली माहिती त्याहून अधिक असते. कोणते पान उघडले, तेथे किती वेळ रेंगाळलो, कोणत्या गावातून पाहिले, काय विकत घेतले आणि काय घेता घेता सोडून दिले, याचीही नोंद होते. त्यासाठी संकेतस्थळ आपल्या संगणकात एक चिमुकले टिपण ठेवून जाते. त्याला ‘कुकी’ म्हणतात. ही सोय मुळात वाईट नव्हे. ती नसती तर प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा संकेतशब्द द्यावा लागला असता. परंतु जाहिरात कंपन्या अशी टिपणे शेकडो संकेतस्थळांवरून गोळा करून एकत्र जोडतात, तेव्हा घरात कोण आजारी आहे, कोणाचे लग्न जमवायचे आहे आणि कोणाला कर्जाची निकड आहे, हे शेजाऱ्याच्याही आधी परक्या व्यापाऱ्याला कळते.

गोपनीयता परकीय नव्हे

यावर काही जण म्हणतात, की ही गोपनीयतेची कल्पनाच पाश्चात्त्यांची. आपल्या एकत्र कुटुंबात आणि वाड्यात कसले आले खासगीपण? या आक्षेपाला उत्तर दिले ते नागपूरच्याच एका सुपुत्राने. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने निकाल दिला, की गोपनीयता हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. १९५४ आणि १९६२ च्या निकालांनी निर्माण केलेली संदिग्धता त्याने संपविली. या पीठात नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. पुढे २०१९ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. आपल्या स्वतंत्र निकालपत्रात त्यांनी गृह्यसूत्रांचा आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला दिला. घरातील माणसांचा खासगीपणा जपला जाईल अशी घराची रचना असावी आणि मालकाच्या संमतीवाचून कोणी दुसऱ्याच्या घरात शिरू नये, हा विचार या भूमीत शतकानुशतके रुजलेला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. उंबरठ्याबाहेर उभे राहून ‘येऊ का?’ असे विचारण्याची आपली रीत हा त्याच विचाराचा घरगुती आविष्कार होय.

याच निकालाचा आणखी एक पैलू आपल्या वाचकांना विसरता येणार नाही. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या रक्षणासाठीही न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दिला होता. त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी त्यांचेच सुपुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी गोपनीयतेच्या निकालपत्रात तो निकाल चुकीचा ठरवून रद्दबातल केला. ज्या घरांनी मिसाखालील तुरुंगवास सोसला, त्या घरांना खासगीपण आणि स्वातंत्र्य यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

तीनशे पस्तीस आणि साडेपाच लाख

माहिती हातातून निसटली की काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २००५ साली पुण्यातील एम्फसिस कंपनीच्या सेवाकेंद्रातील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. यात संगणकाचे कुलूप कोणी फोडले नव्हते. विश्वासाचे कुलूप फोडले होते.

दुसरे उदाहरण २०१८ चे, केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाचे. फेसबुकने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार, त्या वादग्रस्त प्रश्नावलीचे ॲप भारतात केवळ ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्यांच्या मित्रयादीमार्फत बाधित झालेल्यांची संभाव्य संख्या ५,६२,४५५ वर गेली. संमती दिली मूठभरांनी आणि माहिती गेली लाखोंची! ‘माझ्याकडे लपविण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी घ्यावा. आपल्या भ्रमणध्वनीतील संपर्कयादी एकट्या आपली नसते. तीत आपल्या बहिणीचा, शेजाऱ्याचा, मुलाच्या शिक्षकांचा क्रमांक असतो. तो देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

व्यापारी कंपनी म्हणून आलेले पाहुणे पुढे राज्यकर्ते झाले, हा इतिहास या देशाने भोगला आहे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देण्या-घेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला समाधान वाटले. परंतु माहिती देशात राहिली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे मात्र नव्हे. स्वदेशी कुलूपही लावावेच लागते.

कायदा आणि मातृभाषा

२०११ च्या नियमांनी कंपन्यांना आपले गोपनीयता धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. धोरणे प्रसिद्ध झाली. पण ती वाचली जावीत अशी कोणाची इच्छा असल्याचे दिसले नाही. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालानंतर बराच खल होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.

माहिती गोळा करणाऱ्यास या कायद्याने जी इंग्रजी संज्ञा दिली आहे, तिचा आशय ‘विश्वस्त’ असा आहे. देवस्थानचा विश्वस्त दानपेटीचा मालक नसतो, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. कोणती माहिती कशासाठी हवी, हे संमती मागताना स्वच्छ शब्दांत सांगणे आता कंपनीचे कर्तव्य ठरणार आहे. दिलेली संमती आपण परत घेऊ शकू, माहिती पुसून टाकावयास सांगू शकू. माहितीला पाय फुटले तर तसे आपल्याला कळवावे लागेल. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागेल. त्या बावीस भाषांत मराठी आहे. जी अट कळलीच नाही तिला दिलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले आहे. परंतु मागणारेच नसतील तर ‘मराठी’ हे बटण कोपऱ्यात धूळ खात पडेल आणि उद्या कंपन्याच म्हणतील, की मराठी वाचतो कोण?

कायद्यात उणिवाही आहेत. वसूल झालेला दंड शासनाच्या तिजोरीत जाईल, ज्याची माहिती चोरीस गेली त्याच्या हाती काही पडणार नाही. नुकसानभरपाईची वाट दाखविणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील जुने कलमही काढून टाकण्याची तरतूद त्यात आहे. शासकीय यंत्रणांना सूट देण्याचे व्यापक अधिकार केंद्र सरकारकडे आहेत. देशाच्या सुरक्षेसाठी काही सूट आवश्यकच आहे. परंतु सत्ता आज कोणाकडे आहे हे पाहून अधिकारांचे मोजमाप करायचे नसते, ती उद्या कोणाच्या हाती जाईल हे पाहून करायचे असते. १९७५ ने एवढा धडा तरी दिलेलाच आहे.

आपली वही

शेवटी प्रश्न आपल्या स्वतःच्या आचरणाचा. संपर्क अभियानात कार्यकर्ता घरोघरी जातो, तेव्हा लोक त्याला नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक विश्वासाने सांगतात. रक्तदात्यांच्या सूचीत रक्तगट असतो, आरोग्य शिबिराच्या नोंदीत आजार असतात, वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत उपवर कन्येचे छायाचित्र असते. ही सूची व्हॉट्सॲपच्या पाच गटांत फिरू लागली, की आपण त्या कंपन्यांहून वेगळे कसे ठरणार? ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, काम संपल्यावर नष्ट करावी आणि विचारल्यावाचून दुसऱ्याच्या हाती देऊ नये. हे तीन नियम पाळण्यास अठरा महिन्यांची मुदत लागत नाही.

घरातही थोडी शिस्त हवी. सीताबर्डीच्या दुकानात साडी घेताना बिलासाठी क्रमांक मागितला तर ‘कशासाठी?’ असे विनयाने विचारावे. मुलांच्या हाती नवे ॲप देण्यापूर्वी ते कोणकोणती परवानगी मागते, हे आई-वडिलांनी एकदा पाहावे. वृद्धांना गुप्त क्रमांक कोणालाही न सांगण्याची आठवण करून द्यावी. आणि जेथे मराठीत सूचना मिळत नाही, तेथे ती लेखी मागावी. कंपनीने दाद दिली नाही तर तक्रार नेण्यासाठी माहिती संरक्षण मंडळाची तरतूद कायद्याने केली आहे.

कौटिल्याने उंबरठ्यावर संमतीचा पहारा बसविला. आज घराला दगडी उंबरठ्याखेरीज दुसराही एक उंबरठा आला आहे. तो आपल्या तळहातावर आहे. त्यावर कोण उभा आहे, त्याला काय हवे आहे आणि तो कोणत्या भाषेत विचारतो आहे, हे पाहूनच ‘मान्य आहे’ म्हणावे.