वाकळ शिवणे हे काम नाही का?



परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी ‘माझे कुटुंब’ असा तक्ता करायला सांगितला होता. नाव, नाते आणि काम असे तीन रकाने. अण्णांपुढे मी ‘शेती’ लिहिले. आईपुढे ‘शेती व घरकाम’ लिहिले. ताईपुढे ‘शिक्षण’. आजीपुढे मी लिहिले, ‘काही नाही, घरीच असते.’ गुरुजींनी वहीवर बरोबरची खूण केली. पण ते चूक होते, असे माझे आता मत झाले आहे.

माझी आजी वाकळा शिवते. पुस्तकात गोधडी म्हणतात, पण आमच्या माण तालुक्यात वाकळच म्हणतात. उन्हाळ्यात रानात काम नसते तेव्हा ती अंगणात लुगडे अंथरते, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते आणि बसते. वर आणि खाली जुने सुती लुगडे, आत आजोबांचे धोतर, माझा फाटका सदरा, शिंपीकाकांकडच्या चिंध्या. लुगडे नऊ वार, म्हणजे २७ फूट असते. ते चार पदरी घातले की सहा फुटांची वाकळ होऊन वर तीन फूट उरते. उरलेल्यातून आजी रंगीत तिकोनी तुकडे कापते आणि कडेने लावते. लाल शेजारी हिरवा, हिरव्या शेजारी पिवळा. ती शाळेत गेली नाही, तरी तिचे त्रिकोण सारखे येतात. माझे कंपासपेटी घेऊनही येत नाहीत.

जुनी वाकळ विरली तरी आजी टाकत नाही. ती नव्या वाकळेच्या पोटात घालते. मी पांघरतो त्या वाकळेत आजीच्या आईचे लुगडे आहे असे ती म्हणते. वरून दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शहरातून एक पाहुणीबाई आल्या होत्या. त्यांना वाकळ फार आवडली. चांगली उलटीपालटी करून बघितली, फोटो काढला. आजीने ८०० रुपये सांगितले. त्या म्हणाल्या, “एवढे कशाचे हो आजी? जुन्याच कापडाची तर आहे.” शेवटी ५०० ला दिली. आजी काही बोलली नाही. मला राग आला, पण मोठ्या माणसांच्या मध्ये बोलायचे नसते.

मग मी शाळेतली पट्टी घेऊन दुसरी वाकळ मोजली. सहा फूट म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर लांब आणि चार फूट म्हणजे १२० सेंटिमीटर रुंद. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. म्हणजे ६० ओळी. एका सेंटिमीटरला एक टाका धरला, तर एका ओळीत १८० टाके. १८० गुणिले ६० बरोबर १०,८०० टाके! (आजी कडेने सुरू करून गोल गोल आत येते. पण गुरुजी म्हणाले, सरळ ओळी धरल्या तरी हिशेब जवळजवळ तेवढाच येतो.) ५०० रुपयांना दिली म्हणजे एका टाक्याला पाच पैसेसुद्धा पडले नाहीत. पाच पैशांचे नाणे आजीच्या डब्यात एक आहे. ते २०११ सालापासून चालत नाही.

अण्णा म्हणतात, बाजारात ब्लँकेट त्याहून स्वस्त मिळते. मिळत असेल. पण ब्लँकेट फाटले की त्याचे काय करतात ते कुणी सांगत नाही. आईचे मत आणखी वेगळे आहे. भांडेवाली आली की तीन साड्या देऊन पातेले घ्यावे असे तिला वाटते. त्यावरून आमच्या घरी भांडण झाले. आजी म्हणाली, “सुती लुगडं भांड्यावर घालायचं नाय.” आईचेही खरे आहे, पातेले लागतेच. म्हणून मी असे सुचवले की, गुळगुळीत साड्या भांडेवालीला द्याव्यात आणि सुती आजीला. तशा साडीची वाकळ सरकते आणि घाम धरते. हे दोघींना पटले.

गुरुजींनी मोबाईलवर आम्हाला कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या वाकळा दाखवल्या. सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. उत्तर कन्नड जिल्ह्यात ते राहतात. त्या बायका वाकळेला कवंदी म्हणतात आणि कोपऱ्यावर कापडाची घडी घालून ‘फुला’ लावतात. तीही जुन्याच कापडाची असते. पण ती प्रदर्शनात मांडतात, लोक चित्रासारखी भिंतीवर टांगतात. तिथे कुणी ‘जुने कापड’ म्हणत असेल काय?

आमची ताई सातवीत आहे. ती वाकळेच्या कातरणांचे मणी करते. कापडाची निमुळती पट्टी खराट्याच्या काडीवर गुंडाळायची, शेवटी डिंक लावायचा, वाळले की काडी काढून घ्यायची. मध्ये मध्ये तुटलेल्या माळेतले काचेचे मणी ओवायचे. तिच्या माळा यात्रेत मुलींनी घेतल्या. मीही बेंदराला आमच्या बैलासाठी तशी माळ केली, खाली लाल गोंडे लावले. बैल ऐटीत चालत होता. पण वर्गातली काही मुले मला म्हणाली, “बायकांची कामे करतोय!” त्यांना मी विचारतो, तुमची चड्डी कुणी शिवली? शिंपीकाकांनीच ना? त्यांना मिशा आहेत. मग सुई धरली म्हणून मला का हसता? माझे टाके अजून वेडेवाकडे येतात, त्याला हसलात तर चालेल.

माझे मत असे की, हातकामाच्या तासाला मुलामुलींना दोघांनाही टाका घालायला शिकवावे. आणि पालकांना विनंती आहे, वाकळ घेताना एकदा तरी त्यातली एक ओळ मोजून बघावी, मग भाव करावा.

आजीला आता सुईचे नाक दिसत नाही. सकाळी शाळेला निघताना मी सात-आठ सुयांत दोरा ओवून त्या उशाशी टोचून ठेवतो. दुपारपर्यंत पुरतात. नाही पुरल्या तर ती माझी वाट बघत बसते. वहीतले ‘काही नाही’ मी खोडून तिथे ‘वाकळा शिवते’ लिहिले आहे. गुरुजींनी परत बरोबरची खूण केली.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या अंगणात यावे. आजी शिकवायला तयार आहे. सुई आपापली आणावी, आमच्याकडे कमी आहेत.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी