पहिले सात कोण?

कबड्डीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या भागात एक वेगळाच सामना रंगतो. त्याला मैदान लागत नाही, पंच लागत नाहीत आणि शिट्टीही लागत नाही. शहापूरच्या एसटी स्थानकात, आसनगावहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात किंवा मुरबाडच्या बाजारपेठेतील चहाच्या टपरीवर चार मुले जमली की कोणीतरी विचारतो, "यंदा महाविद्यालयाच्या संघात पहिले सात कोण?" झाले! लगेच बोटे मोजली जातात, नावे घेतली जातात, वाद होतात.

तुम्हांला ठाऊकच आहे की कबड्डीच्या संघात साधारणपणे बारा खेळाडू असतात. त्यांपैकी सात मैदानात उतरतात आणि पाच राखीव म्हणून बाहेर बसतात. बारा जणांत नाव आले तर आनंद होतोच. पण सामना सुरू होताना मैदानात उभे राहणाऱ्या सातांत नाव असणे, ही गोष्टच निराळी.

गावच्या मंडळाचा संघ वर्षानुवर्षे जवळजवळ तोच असतो. तेथे अंदाज करायला फारसे काही उरत नाही. महाविद्यालयाच्या संघाचे तसे नाही. दर उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाचे खेळाडू निघून जातात आणि जूनमध्ये नवे विद्यार्थी येतात. मग रिकाम्या जागी कोण उभा राहील, याची अटकळ बांधण्यात सारा पावसाळा जातो.

'अंदाज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो फारसीतून उर्दूतही आला आणि मराठीतही. पण गंमत पाहा. उर्दूत 'अंदाज' म्हणजे ढब, शैली. अडमास सांगायचा असेल तर तुम्ही 'अंदाजा' म्हणता. मराठीने मात्र 'अंदाज' या शब्दालाच अडमासाचा अर्थ दिला. आपल्या विषयाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. खेळाडूचा उर्दूतला अंदाज नीट पाहावा आणि मगच त्याच्याविषयी मराठीतला अंदाज करावा. टपरीवरचे बहुतेक पंडित पहिले काम करीत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

असे अंदाज बांधणे वाईट आहे का? मला तसे वाटत नाही. उलट, चांगला अंदाज बांधायला खेळ समजावा लागतो. कित्येकांना वाटते, गेल्या वर्षी ज्यांनी जास्त गुण मिळवले त्या सातांची नावे लिहिली की यादी तयार. पण सात उत्तम चढाईपटू एकत्र केले तर संघ होत नाही. दोन कोपरे लागतात, त्यांच्या शेजारी दोन कव्हर लागतात आणि चढाईला जाणारे दोन-तीन जण लागतात. कोपऱ्यावरचा खेळाडू घोटा धरतो, मांडी धरतो. पण त्या क्षणी शेजारचा कव्हर धावून आला नाही, तर चढाईपटू कोपऱ्याला घेऊनच मध्यरेषा गाठतो. म्हणून कोपरा आणि कव्हर ही जोडी असते. त्यांनी महिनोन्‌महिने एकमेकांच्या शेजारी उभे राहून सराव केलेला असतो. डोळ्यांच्या इशाऱ्यावर ते एकाच वेळी झडप घालतात. यादी करताना ही जोडी मोडली तर दोन्ही नावे असूनही नसल्यासारखीच.

चढाईपटूंचेही असेच आहे. कोणी उजव्या बाजूने चांगला खेळतो, कोणी डाव्या बाजूने. तिघेही एकाच बाजूचे निवडले तर प्रतिस्पर्ध्याच्या एका कोपऱ्याला आरामच मिळतो. शिवाय एक जण असा हवा, जो तिसऱ्या चढाईला जाऊ शकेल. हल्लीच्या नियमानुसार लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद होतो. त्या तीस सेकंदांत ज्याचे डोके शांत राहते, तो खेळाडू गुणांच्या तक्त्यात कदाचित वरच्या ओळीत दिसणारही नाही. पण माझ्या यादीत तो पहिला असेल.

इथपर्यंत अंदाज म्हणजे हिशेब आहे. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या हिशेबात न बसणाऱ्याही काही गोष्टी आहेत. टपरीवर बसून त्या दिसत नाहीत.

पहिली गोष्ट पाऊस. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत, त्यावरूनच इथल्या पावसाची कल्पना येईल. जून ते सप्टेंबर मातीच्या मैदानात चिखल असतो. सराव बंद पडतो किंवा एखाद्या सभागृहात जेमतेम होतो. आणि याच चार महिन्यांत सतरा-अठरा वर्षांची मुले बदलतात. कोणाची उंची वाढते, कोणाच्या खांद्यांत बळ येते. कुमार गटांत वजनाची मर्यादा असते. उन्हाळ्यात त्या मर्यादेत सहज बसणारा मुलगा दिवाळीत काट्यावर उभा राहतो आणि काटा पुढे सरकतो. जूनमध्ये केलेल्या यादीतील एक नाव तिथेच गळते.

दुसरी गोष्ट शेती. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूंची कितीतरी मुले आवणीच्या दिवसांत घरच्या शेतात असतात. कापणीच्या दिवसांत तर ती घराबाहेर पडूच शकत नाहीत. भात पिकून उभे असताना मुलगा मैदानावर गेला, तर घरात त्याला कोण काय म्हणेल? तो सरावाला येत नाही म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. पण गुडघाभर चिखलात वाकून आवणी केलेल्या आणि भाताचे भारे डोक्यावरून खळ्यापर्यंत वाहिलेल्या मुलाची कंबर आणि पोटऱ्या पाहा. त्याची पकड सोडवणे सोपे नसते.

तिसरी गोष्ट एसटी. मुरबाडच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांची सारी भिस्त एसटीवर आणि वाटेत मिळेल त्या वाहनावर असते. संध्याकाळचा सराव ऐन रंगात आला की शेवटची गाडी सुटण्याची वेळ होते. तो मुलगा पिशवी उचलून पळतो. रेल्वेस्थानकाजवळ राहणारा मुलगा मात्र अंधार पडेपर्यंत खेळतो आणि प्रशिक्षकांच्या नजरेत भरतो. दोघांपैकी कोण अधिक चांगला खेळतो, हे यावरून ठरते का? ठरू नये. पण यादीत नाव मात्र दुसऱ्याचेच येते.

आणखी एक गोष्ट चटकन सांगून टाकतो. आपल्याकडील गावोगावचे सामने मातीवर होतात, मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर अनवाणी वाघासारखा खेळणारा मुलगा मॅटवर बूट घालून गेला की पहिले काही दिवस अडखळतो. काहींच्या बाबतीत याच्या उलटही घडते.

आता मोठ्या मैदानाकडे वळू. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेथे संघमालकांकडे पैसा असतो, जाणकार प्रशिक्षक असतात, प्रत्येक सामन्याचे चित्रण असते. तरीही त्यांचे अंदाज किती चुकतात, ते पाहा.

पवन सेहरावत हे नाव तुम्ही ऐकले असेल. २०१७ च्या हंगामात तो गुजरातच्या संघात होता. बहुतेक वेळ तो राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसला. पुढच्या हंगामात तो बंगळुरूकडून खेळला आणि त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याने मिळवले. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत अंतिम सामना झाला. समोर होता तोच गुजरातचा संघ. पवनने एकट्याने चढाईत २२ गुण घेतले आणि बंगळुरूने सामना ३८-३३ असा जिंकला. ज्यांनी त्याला पहिल्या सातांत बसवले नव्हते, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल?

त्याच हंगामात मुंबईच्या संघात सिद्धार्थ देसाई नावाचा एक उंचापुरा मुलगा आला. तो कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. लीगमधला त्याचा तो पहिलाच हंगाम. त्याला सुमारे ३६ लाख रुपयांत घेतले होते. त्याने त्या एका हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या लिलावात तेलुगू संघाने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. प्रदीप नरवालची गोष्टही अशीच. २०१५ मध्ये बंगळुरूच्या संघात त्याला फारशी संधी मिळाली नाही. पुढे पाटण्याच्या संघात गेल्यावर त्याने २०१७ च्या एका हंगामात ३६९ गुण मिळवले.

या खेळाडूंना दुसरा संघ मिळाला, दुसरा हंगाम मिळाला. महाविद्यालयातील मुलाला तेवढा वेळ नसतो. त्याच्या हातात दोन-तीन वर्षे असतात. एक वर्ष राखीव बाकावर गेले आणि दुसऱ्या वर्षी घरची अडचण आली, तर त्याची कबड्डी संपते. म्हणूनच मला या अंदाजांची काळजी वाटते. टपरीवरची यादी टपरीवरच राहिली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण ती फिरू लागते. वरच्या वर्गातील मुले ती बोलून दाखवतात, माजी खेळाडू तिला दुजोरा देतात, प्रशिक्षकांच्याही कानांवर ती पडते. हळूहळू अंदाजाचा निकाल होतो. चाचणीच्या दिवशी सात जागा जणू आधीच भरलेल्या असतात आणि आलेले बाकीचे तीस-चाळीस जण पाच राखीव जागांसाठी धडपडतात. किन्हवलीहून दोन गाड्या बदलून आलेल्या मुलाला हे पहिल्या दहा मिनिटांतच कळते. पुढच्या वर्षी तो येत नाही.

यावर काही प्रशिक्षक म्हणतील, "जोड्या जमवायला वेळ लागतो, असे तुम्हीच सांगितले ना? मग सात जण आधी ठरवले नाहीत, तर त्यांचा एकत्र सराव होणार कसा?" हा मुद्दा खरा आहे. तो मी टाळत नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यापर्यंत सारे अधांतरी ठेवणारा प्रशिक्षकही संघाचे नुकसानच करतो. पण दोन-तीन जोड्या आधी ठरवणे वेगळे आणि साती जागांना कुलूप लावणे वेगळे. दोन कोपरे आणि दोन कव्हर सरावासाठी निश्चित करा. चढाईच्या जागा मोकळ्या ठेवा. आणि निवड करताना नुसत्या धावण्याच्या, उड्यांच्या चाचण्या घेऊ नका. मुलांचे दोन संघ पाडून पूर्ण सामने खेळवा. शेवटच्या पाच मिनिटांत, दोन गुणांनी मागे असताना कोण काय करतो, ते तिथेच दिसते.

मुलींच्या संघाविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे पहिले सात कोण, हे टपरीवर कोणीच विचारत नाही! २०१२ मध्ये पाटण्याला महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताने ती जिंकली. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तीन खेळाडू होत्या. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या शाळेच्या संघाची यादी तुम्हीच करा आणि त्यावर मुलांइतक्याच मोठ्या आवाजात भांडा.

तुम्हांला यंदा अंदाज बांधायचा असेल तर जरूर बांधा. वहीत पेन्सिलीने सात नावे लिहा, प्रत्येकाची जागा लिहा, तारीख टाका आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ कारण लिहा. "तो माझ्या गावचा आहे" हे कारण चालणार नाही. नंतर सरावाचे दोन-तीन सामने स्वतः जाऊन पाहा आणि खोडायचे ते खोडा.

आणि महाविद्यालयांकडे एक मागणी आहे. निवड चाचणीची तारीख भातकापणीच्या दिवसांत ठेवू नका. शक्य असेल तेव्हा ती आठ-दहा दिवस अलीकडे-पलीकडे करा आणि चाचणी सकाळी घ्या, म्हणजे टोकावड्याच्या मुलाला शेवटच्या गाडीसाठी अर्ध्या सामन्यातून पळावे लागणार नाही. आधी कळवायचे ते फलकावर लावून भागत नाही. त्या बाजूच्या शाळांना चार दिवस अगोदर निरोप द्या.