कूलरला रंग दिला; अर्थिंगचे काय?

मार्च निम्मा सरला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांतल्या अंगणांत पत्र्याचे कूलर दिसू लागतात. आठ महिने माळ्यावर किंवा मागच्या पडवीत, पोत्याखाली पडून असलेला कूलर बाहेर येतो. गंजलेला तळ घासला जातो, गळक्या टाकीला एम-सील किंवा डांबर लागते, जुन्या ताट्या काढून नवे वूडवूल भरतात आणि वरून रंगाचा हात फिरतो. मोटर जाम असेल तर ती वाइंडिंगच्या दुकानात जाते. प्लग लावला, पंखा फिरला, पाणी चढले की कूलर ‘रेडी’ झाला. कित्येक घरांत हा कूलर पंधरा-वीस वर्षांचा असतो. लग्नात आलेला, मग भावाकडे गेलेला, पुन्हा परत आलेला.

त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार-सहा ओळींच्या बातम्या येऊ लागतात. कूलरमध्ये पाणी भरताना महिलेचा मृत्यू. खेळता खेळता कूलरला हात लागून बालक दगावले. महावितरण दर उन्हाळ्यात कूलर सांभाळून वापरण्याचे आवाहन करते, तेही छापून येते. तरी पुढच्या वर्षी त्याच बातम्या, फक्त गावांची नावे वेगळी. एकट्यादुकट्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. कूलरची दुरुस्ती म्हणून जे केले जाते, त्यात जीव घेणाऱ्या भागाला कुणी हातच लावत नाही, हे खरे दुखणे आहे.

विजेचा धक्का किती घातक ठरेल हे शरीरातून किती प्रवाह गेला, कोणत्या वाटेने गेला आणि किती वेळ गेला यावर अवलंबून असते. कोरड्या, जाड त्वचेचा विरोध बराच असतो. हात ओले, पाय अनवाणी आणि फरशीवर सांडलेले पाणी अशा स्थितीत शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास येतो. घरातला दाब २३० व्होल्ट, म्हणजे अंगातून २३० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. १० ते १६ मिलिअँपिअरलाच प्रौढ माणसाच्या हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असल्याने पकडलेली वस्तू सोडताच येत नाही. लोक म्हणतात, ‘करंटने ओढून घेतले’. वीज कुणाला ओढत नाही, आपलीच मूठ आवळली जाते. प्रवाह ५० ते १०० मिलिअँपिअरच्या पुढे गेला आणि सेकंदभर टिकला, की हृदयाचे ठोके बंद पडून ते नुसते थरथरू लागते. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तुलनेसाठी सांगायचे, तर रात्री लावायचा १५ वॅटचा छोटा दिवा सुमारे ६५ मिलिअँपिअर घेतो. एवढ्याशा प्रवाहावर माणूस जातो.

‘घरात एमसीबी बसवली आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. एमसीबी ६ किंवा १६ अँपिअरची असते. तारा जळू नयेत, आग लागू नये हे तिचे काम. माणसाच्या अंगातून पाव अँपिअर जात असेल, तर तिच्या दृष्टीने तो एखाद्या पंख्याइतका भार. ती पडत नाही.

आता जुन्या कूलरच्या पोटात काय होते ते पाहू. मोटरच्या तांब्याच्या तारांवर इनॅमलचा पातळ थर असतो आणि वाइंडिंगवर वॉर्निश. उष्णतेने तो ठिसूळ होतो, ओलाव्याने फुगतो. मोटर ठरल्यापेक्षा दहा अंश अधिक तापत राहिली तर या वेष्टनाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा आडाखा आहे. पाणी चढवणारा छोटा पंप तर उन्हाळाभर पाण्यातच असतो. त्याचे सील गेले की टाकीतल्या पाण्यातच वीज उतरते. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. ते ताट्यांवर, पंपावर, तारांच्या जोडांवर पांढरे थर धरतात आणि ओले झाले की वीज वाहून नेतात. पत्र्याला पाडलेल्या भोकातून तार आत जाते, तिथे मुळात एक रबरी कडे असते. पहिल्या दोन-तीन हंगामांतच ते पडते आणि पुन्हा कुणी बसवत नाही. पंख्याच्या थरथरीने पत्र्याची धार तारेचे आवरण हळूहळू कापत राहते. माळ्यावरच्या आठ महिन्यांत उंदरांनी कुरतडलेली तार टेप गुंडाळून चालवली जाते, ते वेगळेच.

यातले काहीही बिघडले तरी पंखा झकास फिरतो, हवा गार येते. म्हणून ‘चालतो’ या एका शब्दावर दुरुस्ती संपते. दुकानदाराला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. गिऱ्हाईक हवा मागते आणि तो हवा देतो. वेष्टनाचा विरोध मोजणारे मेगर नावाचे यंत्र असते. ५०० व्होल्टवर तपासले आणि विरोध एक मेगाओहमपेक्षा कमी निघाला, तर तो कूलर घरात लावू नये. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती मागणारे गिऱ्हाईक मात्र विरळा.

वेष्टन फाटले तरी माणूस वाचावा म्हणून तिसरी तार असते, अर्थिंगची. पत्रा जमिनीशी नीट जोडलेला असेल, तर गळणारी वीज त्या सोप्या वाटेने जाते आणि फ्यूज उडतो. गावाकडच्या आणि जुन्या शहरी घरांत बोर्डाला तीन भोके असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे पुष्कळदा तारच नसते. असली तरी ती अंगणातल्या ज्या खड्ड्यात गेली, तो खड्डा कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नसतो. मे महिन्यात वर्ध्याची काळी माती भेगाळून कोरडीठक्क होते. खड्ड्यात पाणी घातले नाही तर कागदोपत्री असलेले अर्थिंगही कामाचे राहत नाही. कूलरची तीन पिनांची तार तुटली की दोन पिनांची लावून काम भागवणे, हा तर सार्वत्रिक रिवाज.

याहून वाईट एक ‘उपाय’ काही ठिकाणी केला जातो. अर्थिंग नाही म्हणून अर्थची पिन बोर्डातच न्यूट्रलला जोडून देतात. कूलर झिणझिण्या द्यायचा थांबतो आणि घरचे खूश होतात. पण खांबावरून येणारी न्यूट्रल तार कुठे सैल झाली किंवा तुटली, की कूलरचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर जातो. त्या वेळी पंखाही फिरत नसतो. वीज गेली असे समजून माणूस बिनधास्त हात लावतो.

टेस्टरवरचा विश्वासही असाच भाबडा. पत्र्याला टेस्टर लावला, दिवा लागला नाही, म्हणजे कूलर सुरक्षित, असे मानतात. पंप बंद असताना, ताट्या कोरड्या असताना घेतलेली ती चाचणी पाणी चढल्यावरच्या स्थितीबद्दल काही सांगत नाही. कूलरवरचे बटण बंद केले म्हणजे झाले, ही समजूतही तशीच. दोन पिनांचा प्लग उलटा लागला, तर कूलरचे बटण न्यूट्रल तोडते. पंखा थांबतो, पण मोटर आणि पंप यांत वीज तशीच उभी असते. म्हणून पाणी भरण्याआधी प्लगच काढायचा. बादलीने भरा की नळीने, त्याला पर्याय नाही. पाणी भरणे आणि फरशी पुसणे ही कामे बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येतात, आणि रांगते मूल कूलरच्या गार पत्र्याकडे आपसूक जाते. बातम्यांत हीच दोन माणसे पुन्हा पुन्हा का दिसतात, ते यावरून कळावे.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. खिडकीबाहेरचा कूलर लोखंडी स्टँडवर असतो, स्टँड खिडकीच्या गजांना टेकलेला आणि त्याच गजांना कपडे वाळत घालायची तार बांधलेली. कूलरमध्ये उतरलेली वीज मग अंगणात ओले कपडे घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचते. फायबरचा कूलर घेतला की धोका कमी होतो हे खरे. पण पंप गळत असेल तर टाकीतले पाणी तिथेही तेवढेच घातक.

कूलर वापरू नका, असा सल्ला वर्धा जिल्ह्यात कुणी देऊ नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उष्माघात हाही जीवघेणा आजार आहे. म्हातारी माणसे, लहान मुले, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी कोरड्या हवेतला कूलर हे औषधच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तीही किरकोळ वीजखर्चात. गरिबाला परवडणारा एवढा चांगला गारवा दुसरा नाही. (टाकी आठवड्याला रिकामी करून घासली नाही तर डेंग्यूचे डास तिथेच होतात, हे जाता जाता.)

परवडण्याजोगे संरक्षणही उपलब्ध आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, जिला अजून बरेच जण ईएलसीबी म्हणतात, जाणारा आणि परतणारा प्रवाह सतत ताडून पाहते. फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत चालली, की सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडते. धक्का जाणवतो, पण हृदय बिघडण्याइतका टिकत नाही. अर्थिंग कच्चे असले तरी ती माणसाला वाचवते, मात्र म्हणून अर्थिंग टाळायचे नाही. तिची किंमत दीड-दोन हजारांच्या आसपास, आणि तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत अशा उपकरणाची अट आहे, पण छोट्या भाराच्या घरगुती जोडण्या तीतून वगळल्या आहेत. म्हणजे जुना पत्र्याचा कूलर आणि कच्चे अर्थिंग जिथे एकत्र असण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके त्याच घराला सक्ती नाही. ही सूट काढून टाकली पाहिजे, आणि गरीब घरांना नवी जोडणी देताना मीटरबरोबरच आरसीसीबी बसवून दिली पाहिजे.

जिथे ती बसवलेली असते, तिथे दुसरी तक्रार ऐकू येते. कूलर लावला की ती सारखी पडते. मग वायरमनला बोलावून ती बायपास करून घेतली जाते. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकून द्यावे तसा हा प्रकार. कूलर लावल्यावरच आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा त्या कूलरमध्ये गळती आहे, आणि हे निदान फुकट मिळालेले आहे.

जुन्या वस्तू उजळवण्याचा शौक आता शहरांत वाढतो आहे, त्यालाही हेच लागू पडते. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवायला हरकत नाही. पण त्यातल्या काही प्रकारांत, एसी-डीसी म्हणवल्या जाणाऱ्या संचांत, आतला धातूचा सांगाडा थेट वीजपुरवठ्याला जोडलेला असतो. लाकडी पेटी आणि बटणांवरची बॅकेलाइटची टोपी एवढाच काय तो आडोसा. जुन्या इस्त्रीची कापडी वेष्टनाची तार आतून भुगा झालेली असते, आणि तिच्यात किंवा जुन्या हीटरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते खरवडताना उडणारे तंतू फुप्फुसांत जाऊन बसतात. उघड्या कॉइलची शेगडी आणि बादलीतला रॉड या वस्तू नव्या असतानाही धोक्याच्याच होत्या. शोभेला ठेवायची वस्तू असेल, तर तिचा प्लग कापून टाकावा.

धक्का लागलाच तर आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला दूर ढकलायचे. हाताने ओढायला गेलेला दुसरा माणूसही त्याच वाटेने जातो. शुद्ध नसेल आणि श्वास नसेल, तर त्याच क्षणी छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. मातीत झोपवणे, अंगाला शेण चोळणे यात हातचे काही मिनिटे जातात, आणि वाचवण्याची संधी तेवढ्याच मिनिटांत असते. उठून बसलेल्या माणसालाही छातीत दुखत असेल, क्षणभर का होईना शुद्ध गेली असेल, भाजले असेल किंवा ती गरोदर स्त्री असेल, तर दवाखान्यात ईसीजी काढायलाच हवा. लघवी काळपट झाली तर स्नायू आतून जळाल्याची ती खूण आहे, आणि पुढचा धोका मूत्रपिंडांना असतो. बाहेरून चट्टा लहान दिसतो म्हणून आत काही झाले नाही असे नसते. ओल्या हाताला धक्का लागला तर चट्टा उमटतही नाही.

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला १२ हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांतले अहवाल सांगतात. त्यांतली किती कूलरने, किती शेतातल्या मोटरने आणि किती तुटलेल्या वाहिनीने गेली, हे त्या तक्त्यांत दिसत नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते आणि अहवालात ‘विजेचा धक्का’ एवढे लिहून प्रकरण मिटते. उपकरण कोणते, किती जुने, तिसरी तार जोडलेली होती का, आरसीसीबी होती का, हे चार रकाने पंचनाम्यातच भरून घेतले आणि वर्षअखेरीस विद्युत निरीक्षकांनी जिल्ह्याची बेरीज मांडली, तर मार्चमध्ये कोणत्या वस्त्यांत आधी पोहोचायचे ते कळेल. तालुक्यांच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम चालतात. एक मेगर आणि दहा विद्यार्थी घेऊन आठवडी बाजाराच्या दिवशी कूलर तपासायला बसवणे, याला वेगळा निधीही लागणार नाही.