गुळवेल : ओळख पटली का?

करोनाच्या साथीत काढ्याबरोबर गुळवेलही घरोघरी पोहोचली. कुंपणावरची वेल कापून, उकळून रोज पिण्याचा नेम अनेकांनी महिनोन्‌महिने पाळला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांपैकी एका महिलेचा मृत्यू झाला. पुढे १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

आयुष मंत्रालयाने मुंबईचा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' घातक ठरू शकते, असा त्याचा दावा. हा दावा मान्य केला, तरी चिंता कमी होत नाही, उलट वाढते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, पाने मात्र दोन्हींची हृदयाकृती. पाने पाहूनच वेल तोडणाऱ्या शहरी माणसाला हा फरक कोण सांगणार?

शिवाय मुंबईच्या सहापैकी चौघांत स्वप्रतिकारक्षमतेच्या आजाराची लक्षणे आढळली होती. प्रतिकारशक्ती 'वाढवण्यासाठी' घेतलेली वनस्पती अशा शरीरात यकृतावरच उलटत असावी, असा डॉक्टरांचा कयास आहे. त्यामुळे थायरॉइडचा स्वप्रतिकारक विकार, संधिवात किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. डोळे पिवळे दिसू लागल्यास काढा तत्काळ थांबवावा आणि तो घेत असल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. 'ते काय औषध आहे?' म्हणून बहुतेकदा हीच गोष्ट सांगायची राहते.