युद्धाची थकबाकी

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ५ सप्टेंबर २०२५ रोजी एक आदेश काढून आपल्या संरक्षण खात्याला ‘युद्ध खाते’ हे जुने नाव दुय्यम नाव म्हणून वापरण्याची मुभा दिली. कोरियापासून अफगाणिस्तानपर्यंत सतत लढत आलेल्या खात्याने स्वतःला युद्ध खाते म्हणवून घ्यावे, यात निदान प्रामाणिकपणा तरी आहे. परंतु त्याच वर्षी त्याच सरकारच्या माजी सैनिक खात्याने जुलैमध्ये सुमारे ३०,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये आपल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी झालेले करार रद्द करून टाकले. नाव बदलल्याची बातमी जगभर गाजली. या दोन बातम्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः या गोष्टी एकत्रच वाचावयास हव्यात. एक खाते धडधाकट तरुण भरती करून घेते आणि त्यांपैकी जे मोडून परत येतात, त्यांना सांभाळण्याचे काम दुसऱ्या खात्याकडे येते. पहिल्याचा गौरव चालू असताना दुसऱ्याची काटछाट व्हावी, हा काही योगायोग नव्हे.

अमेरिकन सैनिकाच्या सुखदुःखाची चिंता येथील समाजवादी कार्यकर्त्याने कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. तो प्रश्न गैर नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ५८,००० हून अधिक सैनिक मेले, तर व्हिएतनामी जनतेतील मृतांची संख्या लक्षावधींत मोजावी लागते. इराकमधील विधवेसाठी वॉशिंग्टनमध्ये कोणतेही खाते नाही. या गोष्टी विसरून अमेरिकन सैनिकाविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द खोटा ठरेल. तरीही युद्धाचा निर्णय करणारा वर्ग, युद्धातून नफा मिळविणारा वर्ग आणि युद्ध लढणारा वर्ग हे तीन वेगळे वर्ग आहेत, ही गोष्ट ज्याला समजली नाही, त्याचा साम्राज्यवादाला असलेला विरोध अपुराच राहील.

सक्तीची लष्करभरती अमेरिकेत १९७३ मध्ये बंद झाली. ती बंद व्हावी, ही युद्धविरोधी तरुणांची मागणी होती आणि ती रास्तच होती. परंतु शासनाने ती मान्य करताना जो युक्तिवाद स्वीकारला, तो युद्धविरोधकांचा नव्हता. तो बाजारपेठेचा होता. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या गेट्स आयोगाने १९७० मध्ये आपला अहवाल दिला. मिल्टन फ्रीडमन हे त्या आयोगाचे एक सभासद होते. सैनिकाची सेवा ही इतर श्रमांसारखीच विकत घ्यावी, योग्य वेतन दिले की पुरेसे लोक स्वेच्छेने येतील, असे या विचाराचे थोडक्यात सार. आज लष्करात प्रत्यक्ष सेवेत असलेल्यांची संख्या सुमारे १३ लाख आहे. देशाच्या लोकसंख्येच्या ती एक टक्काही भरत नाही. उरलेल्या ९९ टक्क्यांना युद्ध हे दूरचित्रवाणीवर पाहावयाचे असते.

ही ‘स्वेच्छा’ कशी असते, हे २०२२ साली स्पष्टच दिसून आले. त्या वर्षी अमेरिकेत बेकारी कमी होती, आणि भूदलाच्या ६०,००० च्या उद्दिष्टात सुमारे १५,००० ची तूट आली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांची शिक्षणकर्जे अंशतः माफ करण्याची घोषणा झाली, तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या काही लोकप्रतिनिधींनी अध्यक्षांना पत्र लिहून तक्रार केली की, यामुळे लष्करभरतीचे एक महत्त्वाचे साधन हातचे जाईल. तरुण कर्जात असेल तरच तो बंदूक उचलील, अशी ही कबुली आहे. शिक्षण, औषधपाणी आणि घर या गोष्टी जेथे हक्क म्हणून मिळत नाहीत, तेथे लष्कराचा गणवेश हाच त्या मिळविण्याचा मार्ग ठरतो. अशा परिस्थितीत केलेल्या कराराला स्वेच्छेचा करार म्हणणे, म्हणजे गिरणीच्या दाराशी भल्या पहाटे रांगेत उभ्या असलेल्या बदली कामगाराला ‘स्वतंत्र’ म्हणण्यासारखे आहे.

शिवाय मुक्त बाजाराचे हे तत्त्व छावणीच्या फाटकापर्यंतच लागू असते. आत गेल्यावर सैनिकाला नोकरी सोडून जाता येत नाही. ते लष्करी शिस्तीत समजण्यासारखे आहे. पण १९७८ च्या कायद्याने त्याला कामगार संघटना स्थापन करण्याचीही बंदी झाली. त्याही आधी, १९५० मध्ये, ‘फेरेस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. लष्करी डॉक्टरने निष्काळजीपणा केला तरी हाच न्याय लागू होता. २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने वैद्यकीय चुकांपुरती भरपाई मागण्याची वाट मोकळी झाली. परंतु तो अर्जही खुद्द लष्करी खात्याकडेच करावयाचा असतो. श्रम बाजारभावाने विकावेत, मात्र श्रमिकाचे हक्क मागू नयेत, असा हा एकतर्फी करार आहे.

त्याचे परिणाम रोजच्या जीवनात दिसतात. संरक्षण खात्याच्याच २०२० च्या पाहणीत सेवेतील सुमारे २४ टक्के सैनिकांना पुरेशा व सकस अन्नाची शाश्वती नसल्याचे आढळले. घरभाड्याचा भत्ता उत्पन्नात धरला जात असल्यामुळे यांतील अनेकांना गरिबांसाठी असलेले अन्नसाहाय्यही मिळत नाही. सैनिकांच्या कुटुंबांची घरे १९९६ नंतर खासगी कंपन्यांच्या हाती देण्यात आली. त्यांतल्या एका बड्या कंपनीने दुरुस्तीचे खोटे आकडे दाखवून सरकारकडून बक्षिसाच्या रकमा उकळल्याचा गुन्हा २०२१ मध्ये न्यायालयात कबूल केला आणि तिला साडेसहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. ज्या बराकी सरकारकडेच राहिल्या, त्यांत बुरशी, तुंबलेले सांडपाणी आणि ढेकूण असल्याचे शासकीय लेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये नमूद केले. २०२५ मध्ये कनिष्ठ सैनिकांना १४.५ टक्के वेतनवाढ मिळाली, हे नोंदवावयास हवे. पण त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारचा कारभार बंद पडला, तेव्हा सैनिकांचे पगार भागविण्यासाठी प्रशासनाला संशोधनासाठी राखलेल्या पैशाकडे वळावे लागले.

गणवेश उतरल्यानंतर दुसरा लढा सुरू होतो आणि त्याचा इतिहास फार जुना आहे. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना १९२४ च्या कायद्याने जे रोखे दिले, त्यांची पूर्ण रक्कम मिळावयाची होती १९४५ मध्ये! मंदीने उपाशी पडलेल्या हजारो माजी सैनिकांनी १९३२ मध्ये बायकामुलांसह राजधानीत तळ ठोकला आणि ती रक्कम आताच द्या, अशी मागणी केली. पोलिसांच्या गोळ्यांनी दोघांचा बळी घेतला आणि मग जनरल मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे व अश्रुधूर वापरून आपल्याच जुन्या सैनिकांच्या झोपड्या उठविल्या. पैसे मिळाले ते १९३६ मध्ये, तेही अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढल्यानंतर.

पुढे याच नाटकाचे प्रयोग होत राहिले. व्हिएतनामच्या जंगलांवर १९६२ ते १९७१ या काळात विषारी वनस्पतिनाशके फवारली गेली. त्यांतील ‘एजंट ऑरेंज’ने आजारी पडलेल्या अमेरिकन सैनिकांना रासायनिक कंपन्यांनी १९८४ मध्ये तडजोडीचे १८ कोटी डॉलर देऊ केले, आणि काही आजार या फवारणीमुळेच झाले असे गृहीत धरण्याचा कायदा व्हावयास १९९१ साल उजाडले. ज्यांच्या शेतांवर ते विष पडले त्या व्हिएतनामी लोकांचा दावा मात्र अमेरिकन न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर प्लास्टिक, रंग, दवाखान्यांतील कचरा असे सर्व काही उघड्या खड्ड्यांत जाळले जात असे. त्या धुराने फुफ्फुसे गमावलेल्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले की, आजाराचा आणि धुराचा संबंध सिद्ध करा. जुलै २०२२ च्या अखेरीस त्यांच्यासाठी असलेले विधेयक सिनेटमध्ये अडले, तेव्हा माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर मुक्काम ठोकून बसले; १० ऑगस्ट रोजी त्याचा कायदा झाला. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी इन्कार, मग पुराव्याची मागणी, मग आंदोलन, आणि दाव्याचे हक्कदार बरेचसे मरून गेल्यावर मान्यता.

जे कोणत्याही दाव्यात बसत नाही, ते दुःख तर आकड्यांतही पुरते मावत नाही. माजी सैनिक खात्याच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला सरासरी सतरा-अठरा. ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्चविषयक प्रकल्पाने २०२१ मध्ये असा अंदाज मांडला की, २००१ नंतरच्या युद्धांच्या काळातील सैनिक व माजी सैनिक मिळून ३०,१७७ जणांनी आपले जीवन संपविले. त्याच युद्धांतील मोहिमांत मरण पावलेल्या सैनिकांची संख्या ७,०५७ होती.

यावर असे सांगितले जाते की, माजी सैनिक खात्याचा वार्षिक खर्च आता ३० हजार कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे. शासनाने आणखी काय करावे? आकडा खरा आहे. पण त्याचा अर्थ लावण्यात गफलत होते. ती शासनाची उदारता नसून जुन्या युद्धांची थकबाकी आहे. हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ लिंडा बिल्म्स यांनी दाखविले आहे की, पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या अपंगत्व भत्त्याचा खर्च कळसाला पोचला तो १९६९ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यानंतर पन्नास वर्षांनी. १८६५ मध्ये संपलेल्या यादवी युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला तर २०२० पर्यंत दरमहा ७३ डॉलर १३ सेंट निवृत्तिवेतन मिळत होते. इराक-अफगाणिस्तानच्या सैनिकांवर २०५० पर्यंत २.२ ते २.५ लाख कोटी डॉलर खर्च होतील, असा बिल्म्स यांचा २०२१ मधील अंदाज आहे.

युद्धाचा ठराव मांडताना हा हिशेब कोणीही मांडत नाही. व्हिएतनाम युद्धासाठी १९६८ मध्ये निदान प्राप्तिकरावर अधिभार तरी बसविला होता. २००१ आणि २००३ मध्ये मात्र युद्धे सुरू होत असतानाच कर कमी केले गेले आणि युद्धे कर्जावर लढली गेली. कर वाचला धनिकांचा आणि कर्ज राहिले पुढच्या पिढीच्या माथी. कंत्राटदारांना मात्र वाट पाहावी लागली नाही. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत संरक्षण खात्याने खासगी कंपन्यांना सुमारे २.४ लाख कोटी डॉलरांची कंत्राटे दिली. क्षेपणास्त्राचे बिल लगेच चुकते होते. क्षेपणास्त्र डागणाऱ्याचे बिल त्याच्या म्हातारपणापर्यंत लांबते.

शासनाला हे जमतच नाही, असेही नाही. १९४४ च्या कायद्याने १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांना शिक्षण व प्रशिक्षण मिळाले, जरी कृष्णवर्णीय सैनिकाला त्यातील घरकर्जाचा दरवाजा बहुधा बंदच राहिला. २०१० मध्ये बेघर माजी सैनिकांची संख्या सुमारे ७४,००० होती; सरकारने घरभाडे आणि देखभाल यांची जोड घातल्यावर जानेवारी २०२४ पर्यंत ती ३२,८८२ वर आली. औषधोपचार नफ्याच्या हाती असलेल्या त्या देशात माजी सैनिकांची रुग्णालये ही सरकारने उभारलेली आणि सरकारी डॉक्टरांनी चालविलेली विशाल यंत्रणा आहे. २०१४ मध्ये फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षायाद्यांची लपवाछपवी उघडकीस आली. त्यावर खरा उपाय डॉक्टर वाढविण्याचा होता. तसे थोडेफार झालेही. पण २०१४ च्या आणि २०१८ च्या कायद्यांनी रुग्णांबरोबर पैसाही खासगी दवाखान्यांकडे वळविण्याची वाट रुंद केली. सार्वजनिक संस्था आधी अशक्त करावयाची आणि मग तिच्या अशक्तपणाचा दाखला देऊन ती खासगी हाती द्यावयाची, ही रीत भारतातील वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून माजी सैनिकांच्या प्रश्नाला केवळ कृतज्ञतेचा प्रश्न मानणे ही दिशाभूल आहे. कृतज्ञता नोव्हेंबरमधील संचलनापुरती पुरते. हा कामगाराच्या वेतनाचा, भरपाईचा आणि संघटनेचा प्रश्न आहे, आणि त्याबरोबरच युद्धाच्या किमतीचाही आहे. युद्धाचा प्रत्येक ठराव त्यातील सैनिकांच्या पन्नास वर्षांच्या खर्चासह लोकप्रतिनिधींपुढे यावा, तो खर्च त्याच वेळी वरच्या वर्गाकडून कराच्या रूपाने वसूल व्हावा, सैनिकाला न्यायालयाचे दार मोकळे व्हावे, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना आपल्या संघटनेचे करार परत मिळावेत, या मागण्या अमेरिकन श्रमिक चळवळीच्या आहेत आणि असावयासही हव्यात. त्या मान्य झाल्या तर सैनिकाला न्याय मिळेलच. शिवाय युद्धाची खरी किंमत आधीच मोजावी लागली, तर कित्येक युद्धे सुरूच होणार नाहीत. ज्यांच्या घरांवर ती युद्धे कोसळतात, त्यांच्या दृष्टीने याहून मोठा दिलासा दुसरा कोणता असणार?