थट्टा असावी ती मुक्ताईची

महाशिवरात्रीस औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घेण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना तेथील रांगेची कल्पना निराळी करून द्यावयास नको. गर्भगृह भूमीच्या पोटात, खाली उतरण्याची वाट अरुंद, आणि एका वेळी मोजक्याच भाविकांनी आत जावे असा त्या स्थानाचाच दंडक. त्यामुळे बाहेर तासन् तास तिष्ठावे लागते. प्रथम नामस्मरण चालते. पुढे माणसाची जीभ हळूहळू संसाराकडे वळते. पीकपाणी, हळदीचा भाव, लेकीबाळींची लग्ने हे विषय आटोपले की अलीकडे एक नवा विषय हमखास निघतो. तो म्हणजे दुधाळ्याचे यंत्र.

औंढ्यापासून जवळच असलेल्या दुधाळा गावाच्या माळावर गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. त्या वेळी पूर्ततेसाठी २०३० हे वर्ष सांगण्यात आले. मागे एका महाशिवरात्रीस रांगेत याच विषयाला तोंड फुटले, आणि मग विनोदाला ऊत आला. एकजण म्हणाला, "लायगो कशाला म्हणता? 'लागो' म्हणा. पोराला नोकरी लागो!" दुसरा म्हणाला, "सेकंदाचा हजारावा भाग मोजतंय म्हणे. आधी आपली एस.टी. किती उशिरा येती ते मोजा म्हणावं." तिसऱ्याने विचारले, "माळावर एवढं खोदत्यात, सोनं तर लागलं नाही ना?" सारी रांग हसली. प्रस्तुत लेखकही हसला.

तेवढ्यात आजोबांचे बोट धरून उभ्या असलेल्या आठ-दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "आबा, एवढ्या लांब तारे एकमेकांवर आदळले तर ते हितं कसं काय कळतं?" आजोबा प्रेमळ होते, परंतु हास्याच्या भरात बोलून गेले, "तुला ऐकू येतं का बघ कान लावून!" पुन्हा एकवार हशा पिकला. मुलगी हसली नाही. तिने पुढे काही विचारलेही नाही.

दर्शन झाले, प्रसाद झाला, पण त्या मुलीचे ते गप्प होणे मनातून जाईना.

विनोदावर आमचा राग आहे असे वाचकांनी समजू नये. आपल्या संतांनी थट्टेला कधीच वर्ज्य मानलेले नाही. नाथांच्या भारुडांनी गावोगावच्या श्रोत्यांना खदखदून हसविले, आणि हसविता हसविता अंतर्मुखही केले. ज्या औंढ्याच्या अंगणात आपण उभे असतो, तेथपर्यंत नामदेवरायांना आणणारी जी कथा परंपरेने सांगितली जाते, तिचा आरंभही एका थट्टेपासूनच होतो.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. कोपऱ्यात पडलेले थापटणे पाहून मुक्ताईने विचारले, हे कशासाठी? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी. मग ही मडकी तपासा, असे मुक्ताईने सुचविले आणि काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत परीक्षा केली. सारे निमूट राहिले. नामदेव तेवढे रुसले, आणि हेच मडके कच्चे, असा निकाल लागला. मुक्ताई हसली. नामदेव दुखावून पंढरीस गेले, तेव्हा साक्षात् पांडुरंगाने त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. येथे येऊन पाहतात तो एक वृद्ध पिंडीवर पाय ठेवून निजलेला! नामदेवांनी तत्काळ आपले मत बनविले की हा कोणी अधर्मी असावा. त्यांनी दटावताच वृद्ध म्हणाला, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलीत गेले आणि जेथे ठेवावेत तेथे पिंड प्रकटत गेली.

नामदेव मत सांगून निघून गेले नाहीत. त्यांनी वाकून ते पाय उचलले आणि प्रत्यक्ष पाहिले. प्रथमदर्शनी बनविलेले मत चुकले, हे त्यांनी स्वीकारले. मुक्ताईची थट्टा त्यांना ज्ञानाच्या दारापर्यंत घेऊन आली होती. आमच्या रांगेतली थट्टा त्या मुलीला दारातूनच परत पाठविणारी ठरली. थट्टेच्या या दोन जातींतला भेद घरोघरी ओळखला जावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

मग त्या मुलीला काय सांगावयास हवे होते?

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये असे मांडले की, प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले म्हणजे खुद्द अवकाशातच तरंग उठतात आणि ते प्रकाशाच्या वेगाने पसरत जातात. हे तरंग ओळखण्यासाठी काटकोनात दोन लांबच लांब नळ्या उभारतात. दुधाळ्याच्या नियोजित वेधशाळेत त्यांची लांबी प्रत्येकी ४ किलोमीटर राहील. नळ्यांतली हवा काढून टाकलेली असते. एकच लेसर किरण दुभागून दोन्हींकडे पाठवितात. टोकाच्या आरशांवरून तो परत येतो. दोन्ही बाहू जसेच्या तसे असतील, तर परतलेले किरण एकमेकांना जवळजवळ पूर्ण विझवितात. तरंग आला की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा किंचित आखडतो, आणि प्रकाशाची तिरीप बाहेर पडते. हा फरक अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. तो कानाने ऐकावयाचा नसतो, प्रकाशाने जोखावयाचा असतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांत असा तरंग प्रथम टिपला गेला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरे सुमारे २९ पट. त्या वेळी तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा तरंगरूपाने उधळली गेली, आणि येथे पोहोचेपर्यंत उरली ती केसाहून कोट्यवधी पटींनी सूक्ष्म अशी एक हालचाल. या शोधाच्या कार्यासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता रांगेतल्या विनोदांकडे वळू. कारण त्या प्रत्येकाच्या पोटात एकेक प्रश्न दडलेला होता आणि प्रत्येकाला उत्तर होते.

एस.टी.चा विनोद घ्या. त्या दोन अमेरिकन वेधशाळांतील अंतर सुमारे ३००० किलोमीटर. तरंग दोन्हींकडे पोहोचण्यात सेकंदाच्या सुमारे सात हजारांश भागाचे अंतर पडले. तरंग आकाशाच्या कोणत्या दिशेने आला, हे अशा कालभेदावरूनच काढावे लागते. वेधशाळा जितक्या दूरदूर आणि जितक्या अधिक, तितकी दिशा नेमकी. इटलीत आणि जपानात अशी यंत्रे आहेत. भारतातील वेधशाळेचे महत्त्व तिच्या या भौगोलिक स्थानातही आहे. दुधाळ्याची निवड झाली ती जमिनीची कंपने, सपाटी आणि मोठ्या वर्दळीपासूनचे अंतर तपासून. आपला जिल्हा मागे राहिला असे आपण म्हणतो. येथील शांतता हीच या कामी संपत्ती ठरली.

सोन्याचा विनोद तर त्याहून मार्मिक. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा तरंग टिपला गेला आणि जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेस वळल्या. त्या प्रकाशाच्या अभ्यासातून सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, या विचाराला मोठा आधार मिळाला. दुधाळ्याच्या माळावर सोने सापडणार नाही. पण आपल्या घरच्या मंगळसूत्रातले सोने मुळात कोठे घडले असावे, याचा माग तेथे लागू शकेल. विचारणाऱ्याने थट्टाच केली होती, पण प्रश्न लाखमोलाचा होता.

"पोराला नोकरी लागो" यात विनोद कमी आणि व्यथा अधिक. सोयाबीनला भाव नाही, पाण्याचा भरवसा नाही, अशा जिल्ह्यात २६०० कोटींचा आकडा ऐकून कोणाचे मन कडवट झाले, तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाण्याचा आणि भावाचा जाब जेथे विचारावयाचा तेथे ठणकावून विचारलाच पाहिजे. परंतु त्या कडवटपणापायी मुलांचे कुतूहल मारले, तर नुकसान पुन्हा आपलेच. वेधशाळा उभी राहिली म्हणजे तेथे निर्वात नळ्यांची, लेसरची, संगणकांची कामे निघतील. ती करणारी माणसे बाहेरूनच यावीत की नरसीच्या, वसमतच्या, कळमनुरीच्या शाळांतूनही निघावीत, याची काहीशी निश्चिती आज आपल्या ओसरीवर होत आहे.

सगळीच सैल मते निरुपद्रवी नसतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि त्याच वर्षी १० जुलैस पुन्हा तसाच. "यंत्रानेच जमीन हलविली" असे कोणी सहज बोलून गेला, तरी ज्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिली, त्याच्या काळजात धस्स होते. यंत्र तेव्हा उभेही राहिलेले नव्हते. उभे राहिल्यावरही ते जमीन हलविणार नाही. उलट जमिनीची थरथर आरशांपर्यंत पोहोचू नये म्हणून ते आरसे नाना उपायांनी टांगून ठेवावे लागतात. पांग्रा शिंदे परिसरात भूगर्भातून येणारे आवाज तर लोक कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. अशा प्रदेशात भूकंपाविषयी ऐकीव बोलणे हा विनोद राहत नाही.

आणखी एक सैल मत आम्हां भाविकांच्या तोंडी फार असते. "यात नवे ते काय? हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच." हे बोलणे श्रद्धेचे वाटते, मात्र बोलणाऱ्याने बहुधा तो ग्रंथ उघडलेला नसतो. ग्रंथ न वाचता त्याचा दाखला देणे हा ग्रंथाचा गौरव नव्हे. ज्या देशबांधवांनी या विद्येसाठी आयुष्य वेचले, त्यांचे श्रमही त्या एका वाक्याने पुसले जातात. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी कृष्णविवर धक्का बसल्यावर घंटेसारखे कसे निनादत शांत होईल, याचे गणित १९७० च्या सुमारास मांडले. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर यांनी, जगाच्या हाती एकही तरंग लागलेला नसताना, गोंगाटातून क्षीण तरंग निवडून काढण्याच्या रीतींवर वर्षानुवर्षे काम केले. यालाही तपश्चर्याच म्हणतात.

थोरांचीही मते घाईची ठरतात. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये, असे तरंग अस्तित्वातच नसावेत, असा निष्कर्ष काढणारा लेख सहकाऱ्यासह लिहिला होता. त्यात चूक निघाली, तेव्हा निष्कर्ष बदलून त्यांनी तो प्रसिद्ध केला. आणि शास्त्रज्ञ हसत नाहीत असेही नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या यंत्रात विचित्र ठोके उमटू लागले. बाहेर जाऊन पाहतात तो तहानलेले डोमकावळे नळीवर साचलेल्या बर्फाला चोची मारीत होते! लोक खूप हसले असतील. पण चोचींच्या खुणा तपासून, ठोक्यांची खात्री करून, बर्फ साचू नये अशी व्यवस्थाही केली गेली. हसल्यानंतर उठून पाहिले गेले, म्हणून तो विनोद कामी आला.

औंढ्यात कीर्तनास अडविलेले नामदेव देवळामागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आपली श्रद्धा आहे. भक्ताच्या आर्ततेसाठी देव फिरतो, असा तिचा भाव. मग एका बालिकेच्या प्रश्नासाठी आपण मान तरी वळवावी की नाही? उत्तर ठाऊक नसेल तर "बाळ, मला माहीत नाही, आपण गुरुजींना विचारू" असे म्हणण्यात वडीलकीला कोणताही कमीपणा येत नाही.

ती मुलगी कोणत्या गावची, हे विचारावयाचे राहून गेले. यंदाच्या उपवासाच्या फराळाला घरची मंडळी एकत्र बसतील, तेव्हा दुधाळ्याचा विषय निघेल आणि विनोदही होतील. मनमुराद हसावे. पण हसून झाल्यावर पानावरच्या लहान मुलांकडे एकदा पाहावे. त्यांतील कोणी काही विचारण्याच्या बेतात असेल. त्याला उत्तर देण्याची सुबुद्धी आम्हां वडीलधाऱ्यांस लाभो, एवढीच नागनाथाच्या चरणी प्रार्थना.