देवाची राई आणि कारभाऱ्यांची कुऱ्हाड

गेल्या मार्गशीर्षात चार स्नेह्यांसमवेत सत्तरीच्या रानात दोन दिवस पायी हिंडण्याचा योग आला. रान पाहावे ते थंडीत, असे जाणते लोक सांगतात ते खोटे नव्हे. पावसाळ्याची राड सरलेली असते, जळवांचा उपद्रव मिटलेला असतो आणि दुपारचे ऊनही सुखाचे वाटते. नानोडे-बांबर येथील निरंकाराच्या राईत आम्ही पादत्राणे बाहेर ठेवून शिरलो. पायांखाली ओला गारवा, माथ्यावर पानांचे दाट छत आणि चिखलातून दुमडलेल्या गुडघ्यांसारखी वर आलेली रानजायफळाची मुळे! पाणथळीत जीव गुदमरू नये म्हणून हा वृक्ष मुळांचे असे गुडघे वर काढून श्वास घेतो. रानजायफळाची ही दलदल सह्याद्रीत आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. येथे ती टिकली, ती मुख्यतः देवाच्या धाकाने.

परतीच्या वाटेवर एका दुसऱ्या गावी थांबलो. त्याचे नाव सांगत नाही; कारण हा लेख म्हणजे कोणा एका समितीविरुद्धची फिर्याद नव्हे. तेथील देवळामागची राई मी बालपणी पाहिली होती. आज त्या जागी सिमेंटचा सभामंडप आहे, प्रदक्षिणेच्या वाटेवर गुळगुळीत फरशा आहेत आणि मोटारींसाठी सपाट केलेले मैदान आहे. एक जुना वृक्ष तेवढा शिल्लक आहे; परंतु त्याच्याही बुंध्याभोवती कट्टा बांधून त्याचा गळा आवळलेला! झऱ्याची चौकशी केली, तेव्हा कारभारी म्हणाले, “तो हल्ली दिवाळीनंतर आटतो,” आणि लगेच नव्या कूपनलिकेच्या वर्गणीचे पावतीपुस्तक त्यांनी पुढे केले.

वाचकहो, वर्गणी मी दिली नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्या झाडांच्या पाचोळ्याने पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवले, ती तोडावयाची आणि मग पाण्यासाठी देवाच्याच नावाने हात पसरावयाचा, ह्याला धर्मकार्य म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

मी व्यवसायाने वकील आहे. म्हणून दोन शब्द कायद्याचे. हिंदू कायद्यात देवता ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती मानली जाते, आणि तिच्या कारभाऱ्याचा अधिकार अज्ञानाच्या पालकाइतकाच मर्यादित असतो. प्रसन्नकुमारी विरुद्ध गुलाबचंद ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८७५ साली हेच सूत्र लावले : निकड असेल तेव्हा आणि देवाच्या हितासाठीच त्या मालमत्तेला हात लावता येतो. गोव्यात देवस्थानांचा कारभार १९३३ च्या निराळ्या नियमावलीने चालत आला, हे मी जाणतो. परंतु ज्याला आपण देवाचे म्हणतो ते एकट्या आपल्या पिढीचे नव्हे, हे कळण्यास नियमावली लागत नाही. आता मी विचारतो : मोटारींचे मैदान ही कोणाची निकड? देवाची की मोटारवाल्यांची?

ह्यावर उत्तर येते की, भक्तांच्या सोयीही पाहिल्या पाहिजेत. अवश्य पाहाव्यात. वृद्धांना सावली हवी, पिण्यास पाणी हवे, बसावयास जागा हवी. पण ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी राई पूर्वीपासूनच विनामूल्य देत होती. आणि बसावयाची जागा राईबाहेर करता येत नाही, असे कोणी सिद्ध केलेले नाही. सुधारकांचा आक्षेप निराळा : देवाच्या भीतीने झाडे राखणे हा अंधविश्वास आहे. असेलही. तथापि माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पतींचा आसरा म्हणून त्यांचे मोल दाखवून दिले. श्रद्धेने राखले त्याचे मोल शास्त्राला पटले; ज्यांची ती श्रद्धा, त्यांनाच ते पटू नये, ह्याला काय म्हणावे?

न्यायालयांनीही ह्याकडे डोळेझाक केलेली नाही. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे वन, ते वनच. त्याच प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील देववनांची मोजणी करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश झाला, आणि साऱ्या देशासाठी असे धोरण आखावे, अशी शिफारस केंद्राला करण्यात आली. परंतु निकालपत्र कुऱ्हाडीचा दांडा धरावयास येत नाही. तो धरणारा हात गावातच हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक देवस्थानाने तीन ठराव करावेत. पहिला : राईची हद्द मोजून नकाशा दप्तरी ठेवावा आणि जुन्या वृक्षांची नोंद दागिन्यांच्या नोंदीइतक्याच काळजीने करावी. दुसरा : समितीने एकटीने एकही झाड तोडू नये, सर्व महाजनांच्या सभेपुढे कारण मांडावे. तिसरा : जेथे जमीन देवस्थानाची वा गावाची आहे, तेथे वन्यजीव संरक्षण कायद्यातील सामुदायिक राखीव क्षेत्राचा विचार करावा. ही तरतूद त्या कायद्यात २००३ पासून आहे.

आपल्या गावांना राखणदाराची परंपरा आहे. रात्री हातात दंडा घेऊन तो सीमेवरून फिरतो, अशी आपली श्रद्धा. त्याला आपण रोट देतो, नवस बोलतो. त्याने ज्या राईची राखण करावी, तीच आपण तोडली, तर त्याला राखावयास उरते काय? मोटारींचे मैदान?

पुढल्या मार्गशीर्षात मी पुन्हा त्या गावी जाणार आहे. झरा वाहता दिसला, तर वर्गणी आपणहून देईन.